शाल, कुरूप आणि शेवटचा प्रयोग

नाटकाची शाल ही वेगळी वस्तू असते. घरात ती कुणी पांघरत नाही, पाहुण्यांना देत नाही, प्रवासाला नेत नाही. कुठल्याही नाट्यगृहात मधल्या रांगेत बसलं की दुसऱ्या प्रवेशापर्यंत खांदे गारठतात, तेवढ्यापुरती ती जन्माला आलेली. माझी करड्या रंगाची आहे आणि वर्षभर एका कापडी पिशवीत राहते. सोबतीला पेपरमिंटच्या गोळ्या, एक रुमाल आणि आवळासुपारीची डबी. पिशवी खुंटीवरून उतरवली की घरातले विचारतात, ‘कुठलं?’ कुठे चाललीस असं कुणी विचारत नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी ती भलत्याच कामासाठी बाहेर आली. अवकाळी पाऊस सकाळपासून ये-जा करत होता, नाशिककडे गारा पडल्याच्या बातम्या होत्या, आणि जेवून सगळे पसरलेले असताना नणंदबाईंना थंडी वाजायला लागली. म्हणाल्या, ‘वहिनी, काहीतरी द्या हो पांघरायला.’ हाताशी होती ती शाल मी झटकली आणि घडीतून एक तिकीट जमिनीवर पडलं. गडकरी रंगायतन. के रांग. शिक्का इतका पुसट झालेला की २०१९ एवढंच कसंबसं वाचता येत होतं. पण कुठल्या प्रयोगाचं ते मला लगेच कळलं, कारण त्या दिवशीचं माझ्या तळपायाचं कुरूप मला आठवलं.

भाच्याने तिकीट उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, ‘मामी, देवबाभळी?’

झालं. गेले चार दिवस मी ज्या विषयाला बगल देत होते तो माझ्याच शालीतून पडला.

आदल्या बुधवारी, २२ तारखेला, कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी, शीवच्या षण्मुखानंदमध्ये ‘संगीत देवबाभळी’चा शेवटचा प्रयोग झाला. जाहीर करून, तारीख सांगून, रीतसर. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेलं नाटक, मध्ये करोनाने खाल्लेला काळ, आणि आता निरोप. नणंदबाई आणि भाचा दोघेही गेले होते. मला विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. का, ते पुढे सांगते, आणि ते काही फारसं शहाणपणाचं नाही.

‘सांगा तरी कसा झाला,’ असं मी शेवटी विचारलं. न विचारून भागणार नव्हतं.

नणंदबाई शाल लपेटून सावरून बसल्या. म्हणाल्या, ‘अहो, काय सांगू! आमच्या शेजारी एक बाई होत्या, साताऱ्याच्या. एकट्या आलेल्या. चौथ्यांदा बघत होत्या. त्यांनी मला मध्यंतरात तिळाची वडी दिली. नोव्हेंबरात तिळाची वडी!’ मग ती वडी किती खुसखुशीत होती, गूळ चिक्कीचा होता की साधा, बाईंचा मुलगा कुठे नोकरीला आहे, हे सगळं झालं. भाचा वरच्या बाल्कनीत होता, मित्रांबरोबर. षण्मुखानंद म्हणजे अडीच हजारांच्या वर खुर्च्या. एरवी शिवाजी मंदिरात किंवा गडकरीला हे नाटक बघणाऱ्याला ते मैदानच. ‘वरून दोघी एवढ्याएवढ्याशा दिसत होत्या,’ त्याने बोटांची चिमूट करून दाखवली, ‘पण आवाज आला ना मामी, की खाली वाकून बघावंसं वाटायचं.’ आणि मग? मग परत येताना शेवटची लोकल कशी धावत पकडली, एका मित्राची चप्पल जिन्यावर कशी तुटली आणि तो अनवाणी डोंबिवलीपर्यंत कसा गेला, याची दहा मिनिटं.

मी म्हटलं, ‘अरे, नाटकाचं सांगा.’

दोघेही एकमेकांकडे बघायला लागले. नाटकाचं काय सांगायचं? ते तर सगळ्यांना माहीत आहे. आवली तुकोबांना शोधत भाकरी घेऊन डोंगर चढते, पायात काटा मोडतो, तो खुद्द विठ्ठल काढतो. ज्या काळ्याला ती उठताबसता शिव्या घालते त्यानेच. आणि मग तिच्या जखमेची, तिच्या घराची काळजी घ्यायला रखुमाई लखूबाई होऊन येते. रंगमंचावर दोनच बायका. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. एकीचा नवरा विठ्ठलापायी घरात नाही, दुसरीचा विठ्ठलच जागेवर नाही. प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं हे इतकंसं बीज, आनंद ओक यांचं संगीत, आणि त्यावर सहा वर्षं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला या संहितेला. पण प्रयोगाची आठवण सांग म्हटलं की माणूस तिळाच्या वडीवर येतो.

मला हसायचा अधिकार नाही. माझी आठवण तर कुरपाची आहे.

२०१९ च्या त्या दिवसांत माझ्या उजव्या तळव्याला कुरूप झालं होतं. कॉर्नकॅप लावून झाली होती, लसणाची पाकळी बांधून झाली होती. गडकरीच्या पायऱ्या चढताना ठणकायला लागलं, म्हणून जागेवर बसल्या बसल्या चप्पल काढून ठेवली. समोर आवलीच्या पायातला काटा. तिने कळ काढली की माझ्या तळव्यात कळ. मी आयुष्यात कुठल्याही नटीशी इतकी समरस झालेली नाही. दुसऱ्या अंकात कधीतरी तिच्या पायाला उतार पडला, माझा काही पडला नाही, आणि मला तिचा चक्क राग आला. इकडे कोण येणार आहे लखूबाई होऊन? शेवटी पडदा पडला, सगळं थिएटर उभं राहिलं, टाळ्या थांबेनात, आणि मी खाली वाकून पुढच्या रांगेखाली गेलेली चप्पल चाचपत होते. वर आले तेव्हा टाळ्या संपत आल्या होत्या. दोघी वाकून नमस्कार करतात तो क्षण मी पाहिलेलाच नाही. तेव्हा वाटलं, पुढच्या वेळी बघू.

पुढच्या वेळी बघू हे मी वडिलांकडून शिकले.

आमचं घर सांगलीचं. भावे नाट्यमंदिर चालत जायच्या अंतरावर. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर केलं त्या गावात नाटकाला न जाणं म्हणजे कोकणात मासे न खाणं. त्या काळी रिक्षावर भोंगा लावून जाहिरात फिरायची. ‘आज रात्री साडेनऊ वाजता! सांगलीतील शेवटचा प्रयोग! शेवटचा प्रयोग!’ हा ‘शेवटचा’ उच्चारताना रिक्षातल्या माणसाचा आवाज असा कापरा व्हायचा की आजी भाजी निवडता निवडता थांबायची. मी सात-आठ वर्षांची असेन. अंगात ताप. बाबांनी दुपारीच जाऊन प्लॅनवर जागा बघून ठेवलेल्या; खिडकीमागे तो मोठा कागद, भरलेल्या खुर्च्यांवर लाल पेन्सिलीच्या फुल्या. आई म्हणाली, पोरीला ताप आहे. बाबा म्हणाले, शेवटचा प्रयोग आहे. मला गोधडीत गुंडाळून नेलं. मला त्या रात्रीचं आठवतं ते एवढंच, की पडद्यामागून ऑर्गनचा सूर लागला आणि गोधडीत मला घाम फुटून ताप उतरला. नांदीने ताप उतरतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पोर आजारी पडलं की लोक डॉक्टरकडे कशाला नेतात, हे मला कळत नसे.

महिन्याभराने तीच रिक्षा, तोच भोंगा, तोच माणूस. ‘रसिकांच्या आग्रहास्तव!’

बाबा दारात उभे राहून ऐकत राहिले. मग आत येऊन म्हणाले, ‘नाटकवाल्यांचा शेवटचा प्रयोग आणि आईचं शेवटचं दुखणं, दोन्हींवर विश्वास ठेवू नये.’ आजी ऐकत होती. तिने पुढे आणखी अठरा वर्षं काढली.

ही आजी बालगंधर्वांची. म्हणजे नात्याने नव्हे, निष्ठेने. तिने त्यांना लहानपणी बघितलं होतं, लग्न झाल्यावर बघितलं होतं, पुढे वय झाल्यावरही बघितलं होतं. त्या शेवटच्या वेळचं सांग म्हणून आम्ही मागे लागायचो. गाणं कुठलं म्हटलं, शालू कुठला होता, वन्स मोअर किती. आजी डोळे मिटून म्हणायची, ‘त्या दिवशी माझी उजव्या कानातली बुगडी हरवली बघ.’ पुढे सगळी कथा बुगडीची. कुठल्या सोनाराकडची, किती गुंजांची, परत येताना टांग्यात कशी चाचपडली, सासूबाईंना कळू नये म्हणून दोन दिवस डोक्यावरचा पदर कसा पुढे ओढून ठेवला. बालगंधर्व त्या कथेत पडद्याआडच राहायचे. आम्ही वैतागायचो. आज नणंदबाईंच्या तिळाच्या वडीवर मी वैतागले तेव्हा मला आजीची बुगडी आठवली आणि मी गप्प बसले.

वन्स मोअरचं मात्र मला अजून नवल वाटतं. पद संपलं, टाळ्या झाल्या, की मागून कुणीतरी हाळी द्यायचा आणि सुभद्रा मुकाट्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून दुःखी व्हायला लागायची. कथा अडून बसायची. अर्जुन विंगेत ताटकळत असेल तर असेना. नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते उगीच नाही. आता कुणी वन्स मोअर देत नाही; अकराच्या आत नाटक सुटायला हवं, आणि बाहेर रिक्षा मिळायला हवी.

एवढा वेळ शेजारचे अण्णा खुर्चीत डोळे मिटून होते. मला वाटलं डुलकी लागली. वय पंचाहत्तरच्या पुढे, जेवणानंतर ते कुठेही डुलकी काढतात. तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाले, ‘कट्यार.’

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. अण्णांनी ‘कट्यार काळजात घुसली’ किती वेळा पाहिलं याचा आकडा दर वेळी बदलतो, म्हणून मी तो लिहीत नाही. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, १९६७ च्या डिसेंबरात पहिला प्रयोग, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. अण्णा तेव्हा कॉलेजात.

‘मी वसंतरावांची कट्यार शेवटची बघितली,’ अण्णा म्हणाले, ‘आणि अर्धवट बघितली. शेवटची पंधरावीस मिनिटं सोडून उठलो. कल्याणची गाडी होती. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर आलो. दाराशी जरा थांबलो, आत तान चालू होती. मग घड्याळ बघितलं आणि पळालो.’

‘मग?’ भाच्याने विचारलं.

‘मग काय. गाडी मिळाली.’

‘नाही, परत नाही बघितलंत?’

‘बघू म्हटलं होतं. नोकरी, बदली, पोरं. त्र्याऐंशी साली गेले वसंतराव.’ अण्णांनी आता डोळे उघडले. ‘मला काय माहीत तो माझा शेवटचा? रिक्षा थोडीच फिरली होती.’

यावर कुणी काही बोललं नाही. बाहेर पाऊस वाढला होता. नणंदबाईंनी शालीचं एक टोक उगीचच सारखं केलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कट्यार पुन्हा उभी राहिली, वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांड्यांनी, खाँसाहेब केले, ते अण्णांनी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. तसं ते आम्हाला नेहमी सांगतात. त्या दिवशी सांगितलं नाही.

‘मामी, पण तू का नाही आलीस बुधवारी?’ भाच्याने विचारलंच.

खरं कारण असं होतं की शेवटचा म्हणून जाहीर झालेल्या प्रयोगाला मी जात नाही. बाबांचा नियम. जो प्रयोग शेवटचा म्हणून सांगतात तो नसतो, आणि नुसत्याच साध्या प्रयोगाला गेलं की तो आपला आपण केव्हाही बघू शकतो असं वाटत राहतं. शिवाय सगळेच रडायच्या तयारीने येतात, ते मला अवघड होतं. पण हे त्या पोराला, अण्णांच्या समोर, त्या वेळी सांगणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, ‘कुरूप दुखत होतं.’

‘अजून?’ नणंदबाई म्हणाल्या.

‘पावसाळी हवेत दुखतं.’

त्यांनी त्यावर मला एक ओळखीचा मलम सांगितला. अण्णांनी तिकीट मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि परत देताना म्हणाले, ‘जागा बरी होती की.’

मी चहा टाकायला उठले. आधणाला वेळ होता म्हणून फ्रीजवरचा सकाळचा पेपर ओढला. रविवारचा पेपर मी मागून वाचते; नाटकांच्या जाहिराती आधी. डाव्या कोपऱ्यात एका नाटकाची छोटी चौकट होती, दोन वर्षं बघू बघू म्हणून राहिलेल्या. वर जाड अक्षरांत ‘शेवटचे ५ प्रयोग’. बाबांचा आवाज ऐकू आला, रिक्षावाल्याचाही. पाणी उकळून आलं, आलं किसायचं राहिलं. मी ओल्या हातानेच चौकटीतला नंबर फिरवला.

‘प्लॅन कधी उघडतोय?’

‘उघडलाय ताई. पण तिकीटं मोबाइलवर काढा ना, तिथे सगळ्या खुर्च्या दिसतात.’

‘नको. तुम्हीच सांगा,’ मी म्हटलं, ‘कडेची आहे का एखादी? पाय लांब करता येईल अशी?’