मिठावरचा क्लोरिनेटर निवडताना: माझा अनुभव

जमिनीवर उभ्या केलेल्या तरणतलावासाठी मिठाच्या पाण्यावर चालणारा क्लोरिनेटर, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारा क्लोरीन जागेवरच तयार करणारे यंत्र, घ्यायचे ठरवले, तेव्हा ही निवड इतकी रखडेल असे मला वाटले नव्हते. तलाव गोल, व्यास साडेचार मीटर आणि पाण्याची उंची एक मीटरहून थोडी जास्त, म्हणजे पाणी साधारण १७,००० लिटर. पसंत पडलेल्या यंत्राच्या खोक्यावर ‘२६,००० लिटरपर्यंतच्या तलावांसाठी’ असे ठळक छापलेले होते. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, आणि त्या एका आकड्यापायी झालेला मनस्ताप अजूनही पुरता ओसरलेला नाही.

मिठाचा तलाव म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पाण्यात मीठ विरघळवलेले असते आणि ते पाणी सेलमधल्या, म्हणजे यंत्राच्या ज्या भागातून पाणी वाहते त्यातल्या, विशेष लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जाताना विजेच्या साहाय्याने त्यातूनच क्लोरीन तयार होतो. बहुतेक यंत्रांना लिटरमागे तीन ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात ते पस्तीस ग्रॅमच्या घरात असते, त्यामुळे तलावाचे पाणी खारट लागेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. इथपर्यंतची माहिती सहज मिळाली.

खरी अडचण अशी की, तलावात किती लिटर पाणी आहे यापेक्षा त्या पाण्यातला क्लोरीन दिवसाकाठी किती खर्च होतो, यावर यंत्राची निवड ठरते. कडक उन्हात आणि पोहणाऱ्यांची वर्दळ असताना लिटरमागे तीन मिलिग्रॅमची घट सहज होऊ शकते. माझ्या तलावासाठी ती दिवसाला ५१ ग्रॅम होते. म्हणून मला विक्रेत्याकडून एवढेच हवे होते की, हे यंत्र तासाला किती ग्रॅम क्लोरीन तयार करते आणि ‘२६,००० लिटर’ हा आकडा पंप रोज किती तास चालेल असे धरून काढला आहे. उत्तर आले की, यंत्र २६,००० लिटरपर्यंतच्या तलावांसाठी योग्य आहे. मी तलावाचे माप कळवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. यावर, आपला तलाव या मर्यादेत बसतो, तेव्हा निश्चिंत राहावे, असा दिलासा मिळाला. मदतवाहिनीवर बोलणाऱ्या गृहस्थांचा स्वर अत्यंत नम्र होता, पण त्यांच्यासमोरही बहुधा खोक्यावरचाच मजकूर असावा, कारण दर वेळी तेच वाक्य शब्दही न बदलता परत येत होते. तांत्रिक विभागाकडून कळवतो म्हणाले, आणि त्या विभागाने तलावाची छायाचित्रे मागवली. तासाला किती ग्रॅम, या प्रश्नाचा छायाचित्रांशी काय संबंध, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

शेवटी उत्तर सापडले ते यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर, विजेचा दाब आणि तारेची लांबी यांच्या रांगेत: तासाला पाच ग्रॅम. त्यानंतरचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा होता. यंत्र चोवीस तास अखंड चालले तर दिवसाला १२० ग्रॅम क्लोरीन मिळतो आणि तो २६,००० लिटरला खरोखर पुरतो, म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. परंतु क्लोरिनेटर पंप चालू असतानाच काम करतो. माझा पंप आठ तास चालतो. आठ तासांत मिळणार ४० ग्रॅम, आणि गरज ५१ ग्रॅमची. मर्यादेच्या कितीतरी आत बसणारा तलाव ऐन उन्हाळ्यात हिरवा पडला असता, आणि तेव्हा त्याच मदतवाहिनीने मला पंप जास्त वेळ चालवण्याचा सल्ला दिला असता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मी घेतले ते यंत्र तासाला बारा ग्रॅम क्लोरीन देते. ते ५५ टक्क्यांवर ठेवले की आठ तासांत गरज भागते, आणि पाहुणे आले किंवा ऊन चढले तर वाढवायला जागा उरते. सेलच्या पट्ट्यांवरचा लेप वापराच्या तासांनुसार झिजतो, म्हणून जेमतेम क्षमतेचा सेल सतत पूर्ण जोरावर चालवण्यापेक्षा तलावाच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा सेल निवांत चालवणे फायद्याचे ठरते. काही साध्या यंत्रांना टक्केवारीची सोय नसते, केवळ तास ठरवता येतात. ती वाईट नाहीत, परंतु त्यांच्याबाबतीत वरचा हिशेब अधिकच काटेकोरपणे करावा.

हे सारे करण्याआधी एक गोष्ट पाहावी. जमिनीवरच्या तलावाबरोबर येणारे पंप लहान असतात आणि नळ्या ३२ किंवा ३८ मिलिमीटरच्या असतात. सेलला लागणारा किमान प्रवाह आपला पंप देतो का आणि जोड बसतात का, हे नीट तपासावे, कारण प्रवाह कमी पडला की यंत्र स्वतःहून बंद होते. फिल्टर तुंबल्यावरही हेच घडते आणि माणूस उगाच सेलवर संशय घेतो. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तरी अनेक यंत्रे क्लोरीन बनवणे थांबवतात, तो बिघाड नव्हे. विजेची जोडणी मात्र गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधूनच आणि जाणकाराकडूनच करून घ्यावी.

मिठाविषयी सांगायचे तर ते आयोडीन नसलेले आणि गुठळ्या न होण्यासाठीची रसायने न घातलेले असावे. माझ्या तलावाला हिशेबाने सुमारे ५० किलो लागायला हवे होते, प्रत्यक्षात त्याहून कमी पुरले, कारण आधी वापरलेल्या द्रव क्लोरीनमुळे पाण्यात काही मीठ जमलेलेच होते. म्हणून आधी मोजावे आणि मगच घालावे. जास्त झालेले मीठ पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही, कारण बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ मागेच राहते. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत, साधारण एक दिवस, क्लोरिनेटर बंद ठेवून केवळ पंप चालवावा. पोलादी चौकट किंवा शिडी असेल तर सांध्यांवर उडालेले पाणी गोड्या पाण्याने धुऊन टाकावे, अन्यथा गंज लवकर धरतो.

स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक आम्ल, पुरेसे नसेल तर सेलने दिवसभर केलेली कमाई ऊन काही तासांत संपवते. पाण्याचा सामूही (pH) वरचेवर पाहावा, कारण या तलावांत तो हळूहळू चढत राहतो. मी तो ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवते. चढलेल्या सामूत पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर धरतो. तो काढण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, पण ते बनवताना नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही नाही, आणि पट्ट्या टोकदार वस्तूने खरवडू नयेत, कारण थराबरोबर लेपही निघतो.