एक 'त' कमी

आज मैत्रिणीला माफीचा मेसेज लिहायला बसले. गेल्या आठवड्यात चारचौघांत तिच्यावर उगाच खेकसले होते. 'मला पश्चाताप होतोय' असं टाइप केलं आणि अडले. एक 'त' कमी. पश्चात् अधिक ताप, म्हणून पश्चात्ताप. मागाहून होणारी जळजळ. (माफी मागतानाही शुद्धलेखन तपासणारी मी!)

पण दुरुस्त करूनही तो शब्द मेसेजमध्ये शोभेना. कोर्टात आरोपीने व्यक्त करावा तसा वाटत होता. 'अपराधी वाटतंय' लिहिलं, खोडलं. ते सगळं माझ्याबद्दलच, ती त्यात कुठेच नाही. 'खंत' फारच सभ्य, ती पत्रक काढून व्यक्त करतात. 'ओशाळले' त्यातल्या त्यात जवळचं. पण ओशाळायला समोर कुणीतरी लागतं, आणि मला तर रात्री दिवा मालवल्यावर तिचा एवढासा झालेला चेहरा आठवत होता.

शेवटी लिहिलं, 'आठ दिवस मन खातंय गं. चुकलंच माझं.'

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग बराच वेळ 'टायपिंग…' दिसत राहिलं. मग तेही गेलं.

फोन उलटा ठेवलाय. दर पाच मिनिटांनी सुलटा करतेय.