शोलाकिळीसाठी मुन्नार : टेलिस्कोप नाशिकलाच ठेवा

नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून टेलिस्कोप लावून बदके मोजण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी मुन्नारला निघताना तो घरीच ठेवावा. शोलाकिळी या छोट्या रानपक्ष्याबद्दलच्या ‘शोलाकिळी रस्त्याच्या कडेलाच दिसते’ या एका वाक्यावर विसंबून मी ते धूड नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेसने आलुव्यापर्यंत आणि तेथून बसने घाट चढून वर नेले. त्याचे झाकणसुद्धा काढावे लागले नाही.

ते वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. हा पक्षी जेमतेम १५ सेंटिमीटरचा. डोंगराच्या घडीतील ठेंगण्या, सदाहरित शोलारानात ओल्या पाचोळ्यावर टुणटुणत किडे वेचतो आणि उन्हे वर आली की झुडपांत दिसेनासा होतो. त्यामुळे सगळा खेळ पहाटेचा, आणि माझी पहिली पहाट जीपवाल्याने घालवली. मुन्नारहून टॉप स्टेशन या डोंगरमाथ्यावरच्या ठिकाणाचा रस्ता साधारण ३२ किलोमीटरचा, त्यावर हत्तींचा वावर असल्याने अंधारात पायी जाणे वेडेपणाचे. म्हणून पाचची वेळ आणि २८०० रुपये आदल्या रात्री ठरवले होते. गाडी सव्वासहाला आली, आम्ही पोहोचलो तेव्हा पर्यटकांचे भोंगे सुरू झाले होते, आणि परतल्यावर ‘थांबण्याचे’ म्हणून आणखी ९०० रुपये मागितले गेले. थांबणे हेच आमचे काम आहे, असे मी त्याला तीनदा बजावले होते! तेव्हा थांबण्याचे तास धरून एकच रक्कम ठरवावी, ती कागदावर लिहून घ्यावी आणि आगाऊ काही देऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी केली आणि उजाडताना रस्त्याच्या एका मोरीपाशी शोलाकिळी दिसली. त्या अंधुक प्रकाशात निळी पाठ काळीच वाटते, पांढरे पोट तेवढे हलताना कळते; ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण तेथे पुरून उरते. वीस मिनिटे मी श्वास रोखून बसलो होतो आणि दोन जळवा पोटरीवर केव्हा चढल्या हे कळलेच नाही. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे न्यावेत.

जवळच्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानातला दिवस सुखाचा गेला. नीलगिरी ताहर, म्हणजे तेथील डोंगरी रानबकरे, पाहायचे असतील तर त्यांच्या विणीमुळे ते उद्यान साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. ऊटी जवळची वाटली तरी हा पक्षी तेथे शोधू नये, कारण सह्याद्रीतील पालघाट खिंडीच्या उत्तरेकडील, म्हणजे ऊटीकडची शोलाकिळी ही तांबूस कुशीची, वेगळी जात आहे. तिच्यासाठी वेगळी रजा काढावी लागेल. मी काढणार आहे.