जपानमध्ये एमआरआय किती पडतो?

गुडघ्याचा एमआरआय झाला म्हणून घरी फोनवर सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न "काय निघालं" नाही, "किती घेतले गं?" म्हटलं ५,७०० येन, म्हणजे आपले तीन-सव्वातीन हजार. तिचा विश्वासच बसेना, कारण पुण्यात मावशीला तीन सेंटरांना फोन करून, ओळख काढून, डिस्काउंट मागून मग स्कॅन करावा लागला होता आणि तिघांचे रेट तीन.

इथे रेट विचारायचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक तपासणीला सरकारने पॉइंट ठरवून दिलेत, १ पॉइंट म्हणजे १० येन, आणि इन्शुरन्सवर गेलात तर टोकियो असो की होक्काइदो, पॉइंट तेच. माझ्या पावतीबरोबर जो तपशिलाचा कागद आला त्यावर सरळ लिहिलंय: दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवरचा स्कॅन १,३३०, निदानाचे ४५०, इमेज कॉम्प्युटरवर ठेवायचे १२०. झाले १,९०० पॉइंट, म्हणजे १९,००० येन, त्यातले ३०% माझे. बाकीचे ७०% हॉस्पिटल आणि इन्शुरन्सवाले आपापसात बघून घेतात. मला ना क्लेम फॉर्म भरावा लागला, ना टीपीएला (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांना) फोन, ना कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत काउंटरसमोर ताटकळणं. भारतात आपला मेडिक्लेम बहुतेक वेळा ॲडमिट झाल्याशिवाय हलत नाही, ओपीडीतला स्कॅन म्हणजे खिशातूनच, त्यामुळे मला हे अजूनही भारी वाटतं.

आता हे काही फुकट नाही हां. पगाराच्या साधारण १०% हेल्थ इन्शुरन्सला जातात, त्यातले निम्मे कंपनी भरते, आणि दर महिन्याला पे-स्लिप बघून पोटात गोळा येतोच. ज्यांची नोकरी नाही ते वॉर्ड ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला यातलं एक घ्यावंच लागतं. १९६१ पासून इथे सगळ्यांना असं कव्हर आहे.

पण स्वस्त आहे म्हणून मनात आलं की करून घेतला असं मात्र चालत नाही, आणि इथेच आपली मंडळी वैतागतात. डॉक्टरला गरज वाटली पाहिजे. माझ्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरने आधी एक्स-रे काढला, मग गोळ्या-पट्ट्या, मग व्यायाम, आणि गुडघा वाकवताना अडकायला लागला तेव्हा कुठे एमआरआयची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी जपून ठेवा, कारण चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या हॉस्पिटलात गेलं की ७,००० येन किंवा त्याहून जास्त वेगळे लावतात, आणि त्यात इन्शुरन्स एक पैसा देत नाही. नुसतं "एकदा डोकं तपासून घेऊया" म्हणून मेंदूचा एमआरआय करायचा तर तोही पूर्ण स्वखर्चाने, वीसेक हजार येनपासून पुढे. मशीन तेच, बोगदा तोच, फक्त कारण बदललं!

मशीनची मात्र कमी नाही, लोकसंख्येच्या मानाने एमआरआय मशीन जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत जपान आहे, साध्या मध्यम दवाखान्यातही दिसतात. आत जायच्या आधी मंगळसूत्र, जोडवी काढायची हे माहीत होतं, पण नर्सने थंडीत आतून घालतो ते गरम राहणारं इनरसुद्धा उतरवायला लावलं, ते म्हणे मशीनमध्ये तापू शकतं. टॅटू आहे का हेही दोनदा विचारलं. माझं कसलं टॅटू!

आता उन्हाळ्यात आई-बाबांना इकडे बोलावणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. हा सगळा स्वस्ताईचा मामला इथे राहणाऱ्यांचा, फिरायला आलेल्यांना इन्शुरन्स नाही आणि त्यांच्यासाठी हॉस्पिटल आपला रेट आपण ठरवू शकतं, काही ठिकाणी पॉइंटच्या दुप्पट-तिप्पट घेतात. तिकिटाबरोबर ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, आणि बीपी-शुगर असेल तर आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या तोंडी "हो हो, सगळं आहे" वर जाऊ नका.