एका थंडरबर्डात तीन मेल खाती

आज आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कार्यालयाचं, जिनिंगचं अन् सचिवांचं अशी तिन्ही मेल खाती थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल प्रोग्राममध्ये लावून दिली. जोडताना आयमॅपच (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) निवडा, पोर्ट ९९३. पॉप या दुसऱ्या पद्धतीत 'सर्व्हरवर मेल ठेवा' ही खूण नसली तर मेल संगणकावर उतरतात आणि सर्व्हरवरून पुसले जातात, मोबाइल रिकामा! नेट मंद असेल तर सिंक्रोनायझेशनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या ३० दिवसांचेच मेल ठेवा.

खरा घोळ पाठवताना होतो. एकत्रित इनबॉक्स फार सोयीचा, पण तिथून नवा मेल लिहिला की तो डीफॉल्ट (आपोआप धरल्या जाणाऱ्या) खात्यावरून निघतो, अन् व्यापाऱ्याला कापसाच्या गाठींचा भाव सचिवांच्या खासगी पत्त्यावरून जातो. 'फ्रॉम', म्हणजे मेल कोणत्या पत्त्यावरून जातोय ते, आधी बघा. प्रत्येक खात्याला त्याचाच एसएमटीपी (मेल पाठवणारा सर्व्हर) जोडा, नाहीतर मेल स्पॅममध्ये पडतो किंवा परत येतो.