श्रीवर्धन ते गणपतीपुळे कॅम्परव्हॅनने: सेल्फची बॅटरी बसू नये म्हणून

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड आणि गणपतीपुळे. वाट देखणी, पण बॅटरीला वाईट. श्रीवर्धनहून वीसेक किलोमीटरवर हरिहरेश्वर, की लगेच मुक्काम.

सेल्फ मारण्यात बॅटरी फारशी जात नाही. डिझेल गाडीचा स्टार्टर 250 अँपिअर ओढतो, पण तीन सेकंदच, म्हणजे 0.2 अँपिअर-तास. खातो तो फ्रीज. 45 वॉटचा कॉम्प्रेसर रात्रीचे आठ तास निम्मा वेळ चालला तरी 15 अँपिअर-तास गेले. अर्ध्या तासाच्या रस्त्यात ते भरून येत नाहीत, कारण लेड-ॲसिड बॅटरी शेवटचे 20 टक्के फार सावकाश घेते. मुक्कामी इंजिन नुसतं चालू ठेवणं म्हणजे डिझेलची नासाडी.

म्हणून व्हॅनच्या राहत्या भागातला फ्रीजसारखा सगळा लोड वेगळ्या 100 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर घ्या आणि ती 30 अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणाऱ्या चार्जरने) भरा. बीएस-6 गाड्यांत बऱ्याचदा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) असतो, त्याचा व्होल्टेज मध्येच खाली येतो आणि साधा व्होल्टेज-रिले (व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) वेळी-अवेळी सुटतो. तिथे पैसे वाचवू नका. तांब्याची केबल 16 चौरस मिलिमीटरची, आणि सेल्फच्या बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात 60 अँपिअरचा फ्यूज.

व्होल्टेज सकाळी, काहीही चालू करण्याआधी बघा: 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 पाऊण, 12.2 अर्धी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी अर्धवट भरलेली तरी आहे किंवा थकली तरी. रात्री चांगली आणि सकाळी मरगळलेली असेल, तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. मायनस सोडून मधे मल्टिमीटर लावा (10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये), गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. 50 मिलिअँपिअरपर्यंत ठीक. त्यावर गेला तर एकेक फ्यूज काढून बघा. पहिला संशय डॅशकॅमवर. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी धरते आणि भरलेली बॅटरीही नुसती टकटक करते. आधी मायनस सोडा, कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून घासा, कोरडं करून घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलिन. इंजिनाला जाणारी अर्थची पट्टीही बघा, ती हमखास विसरली जाते.

छतावरच्या सोलरवर फार विसंबू नका. माडांच्या सावलीत 100 वॉटचं पॅनल नावापुरतंच उरतं.

जंगलजेटीवर इंजिन बंद केल्यावर चावी पूर्ण बंद करा. ब्लोअर आणि हेडलाइट मिळून 15-20 अँपिअर ओढतात. गाड्या इतक्या खेटून लागतात की जंप केबलला जागाच नसते, तेव्हा जंप-स्टार्टर पॅक भरून जवळ ठेवा. लाल चिमटा प्लसला, काळा इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.