तुम्ही विचारलंत म्हणून : दोघांनी प्रवाळ बघायला कुठल्या बेटावर जावं?

"अंदमान, लक्षद्वीप की मालदीव? दोघंच आहोत, पाच रात्री, प्रवाळ बघायचंय." हा प्रश्न दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि लग्नाचे मुहूर्त संपेपर्यंत थांबत नाही. त्यावर मी उलट विचारते, "चेहरा पाण्यात घालून, नळीतून, नुसत्या तोंडाने, अर्धा तास श्वास घेता येतो का? दोघांनाही?" पलीकडून हमखास येतं, "अहो, तिकडे लाईफ जॅकेट देतात ना!" आणि मी खडूस ठरते. प्रवाळ बघायचं म्हणजे स्नॉर्केलिंग : डोळ्यां-नाकावर काचेचा मास्क, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं. म्हणून एकदाच सगळं लिहिते. विमानाची भाडी आणि हॉटेलांचे दर तुम्ही माझ्याआधी पाहिलेले असतात, ते सोडून देऊ.

आधी नकाशा. हॉटेलच्या जाहिरातीतलं ते फिकट निळंशार पाणी म्हणजे खाली वाळू आहे. वाळूवर प्रवाळ वाढत नाही. मालदीवमधल्या पाण्यावरच्या खोल्या बहुतेक अशाच उथळ, वाळूच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या बांधाआड अडलेल्या शांत पाण्यात, उभ्या असतात. फोटो झकास येतो आणि पायऱ्या उतरून खाली गेलात तर चुकारपणे एखादा मासा दिसतो. उपग्रहाच्या नकाशावर बेट मोठं करून पाहा. फिका निळा म्हणजे वाळू, त्यापलीकडे तपकिरी ठिगळांचा पट्टा म्हणजे रीफ, प्रवाळाचा तो बांध, आणि जिथे रंग एकदम गडद होतो ती रीफची कड. बघण्यासारखं जे काही असतं ते त्या कडेवर. ही कड किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकी जवळ आहे, की दरवेळी पैसे भरून बोटीने जावं लागेल, एवढं एकच हॉटेलला लेखी विचारा. "हाऊस रीफ (हॉटेलच्या किनाऱ्यालगतची रीफ) आहे का" असं विचारलंत तर सगळेच हो म्हणतात. "जेटीपासून कड किती मीटरवर" असं विचारा.

आता माझ्या खडूसपणाचं कारण. दोघांपैकी एकाला बरं पोहता येतं आणि दुसऱ्याला जेमतेम, असंच बहुतेक जोडप्यांत असतं. पहिल्या सकाळी दोघं जेटीवर येतात. मास्क भाड्याचा. त्याला मिशी असली तर मास्कची सिलिकॉनची कड वरच्या ओठावर नीट बसत नाही. तिच्या कपाळावरची बट आत अडकली तरी तेच. पाणी थेंबाथेंबाने आत येतं. शिडीच्या खाली पाणी एकदम खोल, म्हणजे कड जवळ असल्याचा जो फायदा तोच इथे नडतो. जॅकेट फोमचं, मांड्यांमधून जाणारा पट्टा नसलेलं. पाण्यात उतरताच ते हनुवटीपर्यंत वर सरकतं आणि अंगाला उभं किंवा उताणं करू पाहतं. पालथं तरंगायचं तर त्या जॅकेटशीच झुंजावं लागतं.

दोन मिनिटांत मास्कमधलं पाणी नाकपुड्यांपर्यंत येतं. आपण आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेला असतो. पाणी नाकाला लागलं की शरीर सवयीने नाकानेच ओढतं, आणि खारं पाणी घशात जातं. खोकला. नळी तोंडातून सुटते. डोकं वर येतं, आणि डोकं वर आलं की पाय खाली जातात, हा पाण्याचा नियमच आहे. आता माणूस उभा, जिवाच्या आकांताने पाय मारतोय. श्वास जलद आणि उथळ झालेला. नळी पुन्हा तोंडात घातली तरी उपयोग होत नाही, कारण साधारण ३५-४० सेंटीमीटरच्या त्या नळीत आधीच्या उच्छ्वासाची हवा राहते आणि छोट्या श्वासात तीच पुन्हा आत ओढली जाते. जितकी घाई, तितकी ताजी हवा कमी. "जीव गुदमरतोय" हे त्यावेळी खरंच असतं, नाटक नसतं.

आणि जोडीदार कुठे? पुढे. तोंड खाली, कान पाण्यात, समोर पोपटमासा प्रवाळ कुरतडतोय त्याचा कटकट आवाज ऐकण्यात रमलेला. हाक ऐकू येत नाही. शेवटी मागे राहिलेला माणूस, किंवा मागे राहिलेली, हाताला येईल त्याला धरते आणि पायाला लागेल त्यावर उभी राहते. पायाखाली, कडेच्या उथळ भागात, टेबलासारखं पसरलेलं फांद्यांचं प्रवाळ. ते मोडतं. असं प्रवाळ फार तर वर्षाला १० सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, गोल घट्ट जातीचं जेमतेम १ सेंटीमीटर. म्हणजे दोघांच्या लग्नाहून जुनं काहीतरी एका पावलात गेलं. नडगीवर चरे पडतात. त्यात प्रवाळाचे बारीक कण राहिले तर जखम आठवडाभर चिघळते, म्हणून गोड्या पाण्याखाली मऊ ब्रशने कण काढून मग जंतुनाशक लावायचं. मुळमुळीत धुऊन चालत नाही.

तेवढ्यात तो वळून येतो आणि म्हणतो, "अगं, काही होत नाही, घाबरू नकोस." हे वाक्य पाच रात्रींचा निकाल लावतं. दुसऱ्या दिवसापासून एक पाण्यात आणि एक खुर्चीवर. (उलटंही असतं, ती सराईत आणि तो खुर्चीवर. तेव्हा कारण "माझे कान दुखतात" असं सांगितलं जातं.)

म्हणून निघण्याआधी मुंबईतला पोहण्याचा तलाव. शिवाजी पार्कचा असो, मुलुंडचा असो की सोसायटीचा. प्रशिक्षकाला आधी विचारा, सगळीकडे मास्क आणि फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) चालतातच असं नाही. मास्क स्वतःचा घ्या. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर काय वाट्टेल ते करा, धुकं जमणारच. चष्मा मास्कच्या आत मावत नाही. नंबरची काच बसणारे मास्क मिळतात, पण ते मागवायला वेळ लागतो.

सराव छातीएवढ्या पाण्यात, कठडा धरून. आधी मास्क न लावता नुसती नळी तोंडात आणि चेहरा पाण्यात. नाकाला पाणी लागत असताना तोंडाने श्वास घेणं हीच खरी परीक्षा. ते जमलं की मास्क लावून मुद्दाम अर्धा भरायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, मान थोडी वर करून नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. मग नळीत पाणी घेऊन एका झटक्यात फुंकून उडवायचं. हे कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की ते अंगात भिनलं असं समजा. मगच खोल भागात, जॅकेटशिवाय पालथं तरंगत. आणि पोहता येणाऱ्यानेही हे सगळं जोडीदाराच्या बरोबर, त्याच्या किंवा तिच्या वेगाने करायचं.

कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम सुट्टीसाठी? मान्य, जास्त वाटतो. अंदमानात एलिफंट बीचवर गाइड तुम्हाला ट्यूबला धरून ओढत नेतो आणि अर्ध्या तासात परत आणतो. लोक खूश असतात. तिथल्याच जॉली बॉय बेटावर काचेच्या तळाच्या होडीतूनही दिसतं. त्यात काही कमीपणा नाही. पण मग ते ठरवून करा आणि मालदीवच्या रीफसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

बेटांबद्दल थोडक्यात. लक्षद्वीप ही भारतातली एकमेव कंकणद्वीपं, म्हणजे लगूनभोवती कड्यासारखी पसरलेली प्रवाळबेटं; प्रवेशपरवाना लागतो, राहण्याची सोय मोजकी, आणि पावसाळ्यात समुद्र बंदच समजा. लगून शांत, त्यामुळे शिकाऊ जोडीसाठी मला तेच आवडतं. अंदमानात डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारची सफर लवकर धरा. खारफुटीच्या खाडीच्या तोंडाशी उतरू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. मालदीवला सी-प्लेन फक्त दिवसा उडतं. मुंबईचं विमान संध्याकाळी उतरलं तर पहिली रात्र राजधानी मालेतच. तिथे बेटांमधल्या खिंडींतून भरती-ओहोटीची ओढ जबर असते, अमावस्या-पौर्णिमेला जास्तच. पाण्यात उतरल्यावर जेटीच्या खांबाशी मिनिटभर स्वस्थ तरंगा, कुठे वाहत जाताय ते बघा, आणि आधी त्याच्या उलट दिशेला जा. दमल्यावर ओढच परत आणते. टायटन ट्रिगरफिश हा मोठा मासा अंगावर आला तर आडवं सटका, वर नाही. त्याच्या घरट्याची हद्द वर रुंदावत जाते. हौसेने स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) केलंत तर एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, जास्त केल्या तर १८. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर स्कूबा नाहीच.

आणि शेवटी तो प्रश्न, जो लोक परत आल्यावर जरा रागाने विचारतात: "सगळं राखाडी होतं. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

सांगते, पण जायच्या आधी कोणाला ऐकायचं नसतं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं आणि त्यावर शेवाळ चढून राखाडी होतं. १९९८ साली मालदीव आणि लक्षद्वीपच्या उथळ रीफ अशाच गेल्या. सावरत होत्या, तर २०१६, मग २०२४. फांद्यांची जात आधी जाते, गोल घट्ट जात टिकते. आपल्या शाळांच्या सुट्ट्या पडतात त्या एप्रिल-मेमध्येच तिथलं पाणी सर्वात तापलेलं असतं.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे : मे महिन्यात जाऊ नका, आधीच पोळलेल्या रीफवर आणखी पाय पडायला नकोत. आता तेवढा जोर लावत नाही, कारण त्याच रीफवर गाइड, होडीवाले आणि त्यांची घरं चालतात, आणि माणसं यायची थांबली तर रीफची चौकशी करणारंही कोणी उरणार नाही. पूर्वीची मी यावर म्हणते, "हा सोयीचा युक्तिवाद आहे." असेलही. मुंबईकरांना तर हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहे हेच ठाऊक नव्हतं. कोस्टल रोडच्या कामात ते उचलून दुसरीकडे लावावं लागलं तेव्हा कळलं.

गेलात तर सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट आणि लांब पँट घाला; पालथं तरंगताना पोटऱ्या आणि मांड्यांचा मागचा भागच भाजतो. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका. भारतात रीफ बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. मालदीवहूनही ती बाहेर न्यायला बंदी आहे. "मेलेलाच होता" ही सबब विमानतळावर चालत नाही.